फेज कोऑर्डिनेटर व्हायचं का? आधी विचारा, टाइमटेबल कुणाच्या हातात आहे

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकमधल्याच एका खासगी मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीला नुकतेच असोसिएट प्रोफेसर झालेले एक डॉक्टर आहेत. लेक्चर चांगलं घेतात, पोरांना आवडतात, आणि बहुतेक त्याच गुन्ह्याबद्दल डीननी केबिनमध्ये बोलावून सांगितलंय की सेकंड फेजचं, म्हणजे एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्याचं, कोऑर्डिनेटरपद घ्या आणि एमईयूमध्येही, म्हणजे मेडिकल एज्युकेशन युनिटमध्ये, या. आता ते विचारतायत की घ्यावं का, त्यात नक्की करायचं काय असतं, प्रमोशनला उपयोग होतो का, आणि स्वतःचं रिपोर्टिंग (मायक्रोस्कोपवर स्लाइड बघून रिपोर्ट देणं) न् रिसर्च बुडणार का.

मी फार्माकॉलॉजीची, म्हणजे तुमच्याच फेजमधली. वीसेक वर्षं शिकवतेय, दोन वेगवेगळ्या कॉलेजांत फेज कोऑर्डिनेटर होते, एमईयूत बरीच वर्षं काढली आणि एकदा वैतागून पद सोडूनही दिलं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलू शकते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, लेक्चर चांगलं घेता म्हणून हे पद चांगलं जमेल असं अजिबात नाही. मला स्वतःला हे कळायला दीड वर्ष लागलं. लेक्चर हॉलमध्ये तुम्ही राजा असता, खडू तुमचा, स्लाइड तुमच्या, एखादा पोरगा मागे मोबाईल बघत असला तर त्याला उठवायचा अधिकारही तुमचा. कोऑर्डिनेटर झालात की तुमच्या हातात यातलं काहीच राहत नाही, तुम्हाला काम करून घ्यायचं असतं ते तुमच्यापेक्षा दहा वर्षं सिनियर असलेल्या तीन एचओडींकडून, म्हणजे विभागप्रमुखांकडून, ज्यांना तुम्ही आजपर्यंत फक्त नमस्कार सर, नमस्कार मॅडम एवढंच बोलला आहात. रोनाल्ड हार्डेन आणि जॉय क्रॉस्बी यांनी २००० साली मेडिकल शिक्षकाच्या बारा भूमिका मांडल्या होत्या, माहिती देणारा, रोल मॉडेल, फॅसिलिटेटर, परीक्षक, प्लॅनर, साहित्य तयार करणारा अशा सहा जोड्या आहेत त्यात. आपल्याकडे भरती होते पहिल्या भूमिकेवर आणि कोऑर्डिनेटर म्हणून काम पडतं चौथ्या-पाचव्या भूमिकेचं. परीक्षक आणि प्लॅनर. म्हणून मी कुणीही विचारलं तर एकच सांगते, टाइमटेबल आणि इंटर्नल परीक्षा या दोन गोष्टींवर तुमचा शब्द चालणार असेल तरच घ्या, नाहीतर ते पद म्हणजे नुसती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिनगिरी आहे.

का ते सांगते, माझीच फजिती आहे.

एका कॉलेजात (नाव नको) सीबीएमई (डॉक्टरला काय करता आलं पाहिजे त्यावर आखलेला एमबीबीएसचा अभ्यासक्रम) नवीन नवीन होतं. २०१९ च्या बॅचपासून ते लागू झालं हे तुम्हाला माहितीच आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की नुसती लेक्चरं एकतृतीयांशाच्या वर जाता कामा नयेत, बाकीचं ग्रुप डिस्कशन, प्रॅक्टिकल, क्लिनिकल असं हवं. मी फार उत्साहात. आपल्या जिल्ह्याचा विषय म्हणून ऑर्गॅनोफॉस्फरस (ओपी) पॉयझनिंग, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा, घेतलं. म्हटलं निफाड-दिंडोरीला द्राक्ष आहे, ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात, घराघरात औषधाच्या बाटल्या असतात, कॅज्युअल्टीत ड्यूटी केलेल्या कुणालाही विचारा, आणि गंभीर पेशंट बहुतेक पिऊनच आलेले असतात हेही सगळ्यांना माहितीय. विषय असा की त्यात सगळे येतात. फिजिऑलॉजीचं अ‍ॅसिटिलकोलिन, बायोकेमिस्ट्रीचं एन्झाइम इनहिबिशन, माझे अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम हे उतारे, फॉरेन्सिकचं मेडिकोलीगल, मेडिसिनचं आयसीयू, सायकियाट्रीचं पुढचं सगळं. मी सहा डिपार्टमेंटना पत्रं पाठवली, सगळ्यांनी होकार दिला, मोठा सभागृह, बॅनर, समारोपाला डीन, आणि ग्रुप फोटो.

झालं काय, प्रत्येक डिपार्टमेंटनं आपापलं जुनंच लेक्चर आणलं. सायनॅप्सची तीच आकृती पोरांनी त्या दिवशी तीनदा पाहिली. मधल्या सुट्टीनंतर अर्धा हॉल रिकामा. बरं मला वेळ कमी करायचा अधिकार नव्हता, कारण तास डिपार्टमेंटचे होते आणि कुठल्याही एचओडीला आपला तास कमी केलेला चालत नाही, मग तो तास त्यांना स्वतःला नको असला तरी. आणि कहर म्हणजे पुढच्या इंटर्नलला यावर एकही प्रश्न नाही, कारण पेपर डिपार्टमेंट काढणार, कोऑर्डिनेटरला कोण विचारतो. फीडबॅक फॉर्मवर एका मुलीनं लिहिलेलं मला अजून आठवतं, की मॅडम ओपी पॉयझनिंग आम्ही सकाळपासून ऐकतोय पण अ‍ॅट्रोपिन थांबवायचं कधी हे कुणीच सांगितलं नाही.

बरोबर होतं तिचं. चेस्ट साफ झाली का, पल्स आणि बीपी आलं का, काख कोरडी झाली का, हे बघायचं, नुसती प्युपिल (डोळ्यातली बाहुली) मोठी झाली म्हणून खुश व्हायचं नाही, ही दोन मिनिटांची गोष्ट. सहा डिपार्टमेंट मिळून ती राहून गेली, प्रत्येकाला वाटलं दुसरा सांगेल. माझ्याच ड्रगबद्दलची गोष्ट होती ती, म्हणजे मीही त्यातच.

मग दोन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजात हेच परत केलं, पण वेगळ्या पद्धतीनं. इथे डीन मॅडमना आधीच सांगितलं की मला बॅनर नको, मला टाइमटेबलवर सही पाहिजे. त्यांनी दिली. मग एकच केस लिहिली, पानभर, सुरगाण्याकडून निघालेला पेशंट, वाटेत किती वेळ गेला, आणणारा नातेवाईक काय सांगतो, काय लपवतो, कॅज्युअल्टीत आल्यावर काय दिसतं. फर्स्ट फेजला फिजिऑलॉजीनं ऑटोनॉमिक शिकवताना तीच केस पहिल्या परिच्छेदापर्यंत वाचायची आणि थांबायचं. सेकंड फेजला मी तीच केस पुढे न्यायची, ड्रग चार्ट पोरांनी भरायचा. फॉरेन्सिकनं त्याच पेशंटची एमएलसी, म्हणजे मेडिकोलीगल केसची नोंद, करून घ्यायची, आणि क्लिनिकलला गेल्यावर मेडिसिननं खरा पेशंट दाखवताना विचारायचं की आठवतोय का तुमचा सुरगाण्याचा पेशंट. एकत्र बसून मोठा कार्यक्रम शून्य. प्रत्येक डिपार्टमेंट आपल्याच तासात, आपल्याच हॉलमध्ये, फक्त धागा एक. पुस्तकी भाषेत याला नेस्टिंग, शेअरिंग, कोरिलेशन अशी नावं आहेत, अलाइनमेंट आणि इंटिग्रेशनच्या मॉड्यूलमध्ये सगळं दिलंय, पण मला विचाराल तर इंटिग्रेशन म्हणजे एका स्टेजवर सहा डिपार्टमेंट बसवणं नव्हे. आणि यावेळी इंटर्नलच्या पेपरात त्या केसवर दहा मार्कांचा प्रश्न आधीच राखून ठेवला होता. पोरं परीक्षेत येतं ते वाचतात, यात त्यांची चूक काय, आपणही तेच करत होतो.

तुम्ही पॅथॉलॉजीचे आहात तर तुमच्यासाठी सिकलसेल तयारच आहे, नंदुरबारकडून आणि आपल्याकडच्या आदिवासी तालुक्यांतून येणारे पेशंट, बीटा चेनवर सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन हे बायोकेमिस्ट्रीनं सांगितलेलंच असतं, तुमच्याकडे सॉल्युबिलिटी टेस्ट आणि स्मीअर, माझ्याकडे हायड्रॉक्सीयुरिया, पीएसएमकडे (सार्वजनिक आरोग्याचा विषय) २०२३ ला सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन, आणि एटकॉमला (वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचे तास) वाहक मुलामुलीशी लग्नाआधी बोलायचं कसं. एवढं एक नीट करा पहिल्या वर्षी. एकच. चार करायला जाल तर चारही बॅनरवर जातील.

आता परीक्षेचं. ब्लूप्रिंट हा शब्द तुम्ही वर्कशॉपमध्ये ऐकला असेलच आणि बहुतेकांसारखा विसरलाही असाल. माझ्या मते कोऑर्डिनेटरच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे, कारण कुणाच्या लेक्चरवर तुम्ही बोट ठेवू शकत नाही, पण कुठल्या टॉपिकला किती मार्क हे कागदावर आलं की भांडण आपोआप कमी होतं. करायचं कसं, प्रत्येक टॉपिकला दोन आकडे द्यायचे. एक इम्पॅक्ट, म्हणजे हे आलं नाही तर पेशंटचं किती नुकसान, एक ते तीन. दुसरा फ्रिक्वेन्सी, म्हणजे हे किती वेळा समोर येणार, तेही एक ते तीन. दोन्हीचा गुणाकार. समजा अ‍ॅनिमियाला तीन गुणिले तीन नऊ आले, आणि पेपरातल्या सगळ्या टॉपिकच्या गुणाकारांची बेरीज ६० झाली, तर शंभर मार्कांच्या पेपरात अ‍ॅनिमियाला नऊ भागिले साठ गुणिले शंभर, म्हणजे १५ मार्क. आणि ज्या दुर्मिळ ट्यूमरवर एचओडी सरांची पीएचडी आहे त्याला एक गुणिले एक, म्हणजे पावणेदोन मार्कसुद्धा नाहीत. हे एक्सेल शीट डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर उघडून सगळ्यांकडून आकडे भरून घ्यायचे, तुम्ही एकट्यानं घरी बसून भरलं तर ते तुमचं मत होतं, सगळ्यांनी मिळून भरलं तर डिपार्टमेंटचा निर्णय होतो. फरक मोठा आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या जुन्या तीन वर्षांचे इंटर्नलचे पेपर या शीटवर मांडून बघितले, आणि एका आवडत्या चॅप्टरला दर वर्षी भरभरून मार्क जात होते, ते चॅप्टर कुणाचं होतं ते सांगायला नको, माझंच होतं.

प्रॅक्टिकल परीक्षेला ओस्पी, म्हणजे एकेका स्टेशनवर ठरलेलं काम करून दाखवायची परीक्षा, तुम्ही घेतच असाल. हार्डेननी १९७५ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ओस्कीवर, म्हणजे अशाच क्लिनिकल परीक्षेवर, लिहिलं, त्याचीच ही धाकटी बहीण. आपल्याकडे तिची गंमत अशी होते की स्टेशन लावतो पण प्रत्येक स्टेशनवर परत व्हायवाच (तोंडी परीक्षा) घेतो. चेकलिस्ट परीक्षकाच्या हातात, पोरगा करतोय ते बघायचं आणि टिक करायचं, तोंड बंद. हे आपल्या सिनियर परीक्षकांना फार जड जातं. मी एकदा एका सरांना स्टेशनवर बसवून अक्षरशः सांगितलं होतं की सर आज तुम्ही मुके आहात. हसले, पण पाचव्या पोराला विचारलंच त्यांनी, गावाचं नाव काय रे तुझं.

बाकीच्या भूमिकांचं पटकन. एमईयू म्हणजे शिक्षकांना शिकवणारं युनिट, वर्कशॉप, ट्रेनिंग, तिथे कामाचा ताण लाटांसारखा येतो. करिक्युलम कमिटी डीनच्या अध्यक्षतेखाली असते, तिथे निर्णय होतात, त्यामुळे फेज कोऑर्डिनेटर म्हणून तिथे तुम्हाला बसायला मिळतंय ना हे बघा, न बसता नुसते मिनिट्स ईमेलवर येणार असतील तर त्याचा अर्थ तुम्हाला कळलाच. मेंटॉर-मेंटी तर सगळ्यांनाच असतं. एटकॉमचे एकूण २७ मॉड्यूल आहेत चार फेज मिळून, त्यातले आठ तुमच्या फेजला येतात, आणि हे सगळ्यात दुर्लक्षित काम, शेवटच्या तासाला, जेवणानंतर, ज्याला कुणी नाही म्हणणार नाही अशा शिक्षकाकडे ढकललेलं.

इथे एक कडू गोष्ट बोलून घेते. फाउंडेशन कोर्स, एटकॉम, मेंटॉरिंग, वेलकम, फेअरवेल, ही कामं कुणाच्या वाट्याला येतात हे तुमच्या कॉलेजात मोजून बघा. बहुतेक ठिकाणी असिस्टंट प्रोफेसर बायका. आणि एक्झाम, परचेस, अ‍ॅडमिशन या कमिट्या कुणाकडे असतात तेही बघा. ही कॉलेजातली घरकामं आहेत, करणारीचं नाव कुठे येत नाही आणि केलं नाही तर लगेच दिसतं. तुम्ही कोऑर्डिनेटर झालात तर एटकॉमची ड्यूटी रोटेशननं लावा, आणि त्यात पहिलं नाव स्वतःचं टाका, दुसरं एखाद्या प्रोफेसरचं.

एटकॉम मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं, आणि नाशिकमध्ये तर भाषेमुळे अजूनच. पोरं देशभरातून येतात, हिंदी-इंग्रजीवर वॉर्डात दिवस काढतात, आणि पेशंट येतो सटाणा-मालेगावकडून अहिराणी बोलत. फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास आहेत, पण तिथे आपण पोरांना मराठी बाराखडी शिकवतो. बाराखडी काय कामाची. त्यांना 'जीव घाबरा होतो' म्हणजे काय, 'पोटात गोळा येतो' म्हणजे काय, 'बाहेरची बाधा झाली' असं कुणी म्हटलं तर हसायचं नाही आणि पुढे काय विचारायचं, हे शिकवायला पाहिजे. आम्ही एका वर्षी वॉर्डातल्या सिनियर सिस्टरना बोलावलं या तासाला. त्या दिवशी केरळच्या एका पोरानं वही भरून लिहून घेतलं, आणि इंटर्नशिपला तोच पोरगा ओपीडीत म्हाताऱ्या आजींना 'काय होतंय आजी, कवापासून' असं विचारत होता. असा तास लावायला पैसे लागत नाहीत, परवानगी लागते, आणि परवानगी कोऑर्डिनेटर मिळवू शकतो.

प्रमोशन. यात मी गोडगोड बोलणार नाही. फेज कोऑर्डिनेटर होतो म्हणून कुणाला प्रोफेसर केलेलं मी पाहिलेलं नाही. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत काय मोजलं ते बघा, पदावरची वर्षं, पेपर, बेसिक कोर्स इन मेडिकल एज्युकेशन आणि बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च. २०२५ ला परत नवे नियम आलेत, तेव्हा तुमच्या तारखेला काय लागू होतं ते एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये जाऊन कागदावर बघून घ्या, कॅन्टीनमधल्या माहितीवर राहू नका. कोऑर्डिनेटरपद या यादीत नाही. पण त्या पदावरून पेपर मात्र निघू शकतो, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. वर्षभर छान काहीतरी करतात, फीडबॅक गोळा करतात, प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट घेतात, आणि मग शेवटी आठवतं की याचा पेपर होईल. तोपर्यंत उशीर झालेला असतो कारण एथिक्स कमिटीची मंजुरी घेतलेलीच नसते. विद्यार्थी आपल्या हाताखालचे, त्यांना नाही म्हणणं अवघड, म्हणून त्यांची संमती आणि कमिटीचं पत्र आधी लागतं, नंतर मागून घेतलेलं चालत नाही. तेव्हा सिकलसेलचं करायचं ठरवलंत तर जूनमध्ये केस लिहा आणि त्याच महिन्यात प्रोटोकॉल टाका कमिटीला. मेडिकल एज्युकेशनचा अ‍ॅडव्हान्स कोर्स करणार असाल तर तिथे प्रोजेक्ट द्यावाच लागतो, हाच द्या. पुढे अजून रस वाटला तर मुंबईत केईएमच्या सेठ जीएस कॉलेजात फेमरची (मेडिकल शिक्षकांना घडवणारी संस्था) दोन वर्षांची फेलोशिप आहे, तिथे देशभरातले आपल्यासारखेच वैतागलेले लोक भेटतात, ते एक वेगळंच औषध आहे. आणि आपलं आरोग्य विद्यापीठ तर म्हसरूळलाच आहे, बाकीच्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ट्रेनिंगसाठी एसटीनं रात्र काढून यावं लागतं, आपण स्कूटरवर जाऊन दुपारी परत येतो, याचा फायदा नाशिकचे लोक का घेत नाहीत हे मला कधी कळलेलं नाही.

ऑर्डर लेखी घ्या. डीनच्या सहीची, आवक-जावक नंबरसकट. त्यात कालावधी हवा, तीन वर्षं म्हणा, आणि काम काय ते लिहिलेलं हवं, म्हणजे फेजचं टाइमटेबल अंतिम करणे, इंटर्नलचं वेळापत्रक आणि ब्लूप्रिंट मंजूर करून घेणे, करिक्युलम कमिटीचा सदस्य. मसुदा तुम्हीच लिहून न्या. डीनना लिहायला वेळ नसतो, लिहिलेलं समोर आलं तर ते दोन शब्द बदलून सही करतात. मी ज्या पदावरून वैतागून उठले ना, तिथे ऑर्डर तोंडीच होती. डीन बदलले, नवीन सर म्हणाले तुम्हाला कुणी नेमलं, आणि माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. तेव्हा वाटलं होतं अपमान झाला, आता वाटतं आपण मूर्ख होतो.

ऑर्डरबरोबर अजून एक गोष्ट मागा, तुमच्या डिपार्टमेंटचं काम किती कमी होणार. हे मागायला लाज वाटते, मला माहितीय. पण रिपोर्टिंग तेवढंच, प्रॅक्टिकलच्या बॅचेस तेवढ्याच, पीजींचे थीसिस तेवढेच, आणि वर हे, असं झालं की सहा महिन्यांत तुम्ही कोऑर्डिनेटरचं काम रात्री अकरा वाजता मोबाईलवर करायला लागता आणि मग ते काम मोबाईलवर होण्याच्या लायकीचंच राहतं. एचओडींशी आधी बोला, डीनच्या आधी. डीननी परस्पर ठरवलं आणि एचओडींना नोटीस बोर्डावरून कळलं तर पुढची तीन वर्षं तुमची सीएल मंजूर व्हायला वेळ लागेल, एवढंच सांगते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. रिसर्च बुडेल का, तर पहिलं वर्ष बुडेल. रिपोर्टिंग बुडू देऊ नका. मायक्रोस्कोपवरचा हात सुटला की पोरांपुढे बोलताना ते जाणवतं, त्यांना कळतं की सर आता फक्त मीटिंगांतले झाले. शिकवणंही पूर्ण सोडू नका, आठवड्यातून एक तरी स्मॉल ग्रुप स्वतः घ्या, कारण बॅचमध्ये नक्की काय चाललंय ते फीडबॅक फॉर्मवर कधीच येत नाही, ते स्लाइड बघता बघता कुणीतरी बोलून जातं. आमच्या एका बॅचला सकाळी आठच्या लेक्चरला निम्मी पोरं येत नव्हती, आम्ही नोटिसा काढल्या, पालकांना पत्रं पाठवली, आणि मग प्रॅक्टिकलला एका पोरीनं सहज सांगितलं की हॉस्टेलची मेस साडेआठला उघडते. मेस साडेसातला उघडायला लावली, अटेंडन्स वर आली. शिक्षणशास्त्र राहिलं बाजूला.

आणि हो, टाइमटेबल करणार असाल तर अकॅडमिक सेक्शनच्या क्लार्कशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या. कुठला हॉल कधी रिकामा, कुठल्या महिन्यात युनिव्हर्सिटीच्या परीक्षेमुळे प्रॅक्टिकल हॉल जाणार, कुणाची रजा कायम दिवाळीला जोडून असते, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नसतं. त्यांना सिंहस्थाचंही विचारा. २०१५ ला पर्वणीच्या दिवसांत द्वारका चौकापासून पुढे गाडी हलत नव्हती, पंचवटीतून येणारा स्टाफ अडकला, आणि आमची एक इंटर्नल आदल्या संध्याकाळी पुढे ढकलावी लागली कारण टाइमटेबल करताना कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, नाशिकमध्ये बसून. आता २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरला परत तेच आहे, आणि तुमची तीन वर्षांची ऑर्डर धरली तर ते तुमच्याच काळात येतंय. त्या आठवड्यांत परीक्षा लावू नका, आणि निवासी डॉक्टरांच्या ड्यूट्या कुठे लागतायत ते हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंटना आत्ताच विचारून ठेवा.